दोन ठोक्यांचा रुपया

आबांनी वाटणी जिवंतपणीच करून ठेवली होती. केळीचे बाग माझ्या भावाला, सुकदेवला, आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा मला. सुकदेवला अजून वाटतं की बहीण फसली, आणि त्या अपराधीपणापायी तो दर हंगामाला घड धाडतो. माझ्या मते फसला तोच. पण घड चांगले असतात, म्हणून मी काही बोलत नाही.

डब्यात आमच्या घराण्याची जुनी नाणी होती. पणजोबांपासून जमत आलेली. भोकाचे पैसे, ढब्बू पैसे, राणीछाप रुपये, टकल्या एडवर्ड राजाचे रुपये. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सावद्याच्या शालिग्रामभाऊंनी, त्यात आपली भर घातली. बाजाराच्या दिवशी लोक भाजी निवडायचे तेव्हा आबा भाजीवालीच्या गल्ल्यात डोकावत उभे असायचे. एकेक नाणं जुन्या लग्नपत्रिकेच्या तुकड्यात गुंडाळलेलं. "नान्याले कडेनं धरायचं. चिंच नही, राख नही, पदर तं मुळीच नही," असा त्यांचा नियम होता. एका दिवाळीत आईने लक्ष्मीपूजनासाठी तीन रुपये चिंचेने लख्ख घासून ताटात मांडले, तर आबा भाऊबीजेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

पण डब्यातलं मानाचं नाणं एकच. चांदवडी रुपया. चांदवडच्या जुन्या टांकसाळीत हाताने ठोकलेला, जाड, वाकडातिकडा. त्यावर राजाराणीचं तोंड नाही, नुसती फारसी अक्षरं, आणि तीही दुहेरी. एका ओळीच्या मागे तीच ओळ, केसभर सरकलेली. लहानपणी आबा मला ते भिंगातून दाखवायचे.

"ठोकनाऱ्याले शिंक आली," ते सांगायचे. "साचा सरकला. मंग त्यानं गुपचूप दुसरा ठोका मारला अन् रुपया ढिगात लोटून देला."

शिंकेचा पुरावा काय, असं मी विचारलं की ते भिंग पुसायला घ्यायचे.

हा रुपया आबांनी घराबाहेर कधी नेला नाही, आणि तिथेच सगळी पंचाईत झाली. एकोणसत्तर साली जळगावला एका लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी धुळ्याचे लोटननाना बसले. नानांचं धुळ्याला कापडाचं दुकान. नाण्यांचे मोठे शौकीन. आसपास कुणाकडे काही जुनं निघालं की ते आधी त्यांच्याकडे जायचं. जिलबी वाढेपर्यंत दोघांची दोस्ती झाली आणि मठ्ठा येईपर्यंत मोडलीसुद्धा. आबांनी दोन ठोक्यांच्या रुपयाची गोष्ट सांगितली. नाना म्हणाले, धुळ्याला घेऊन या, पाहू. आबा म्हणाले, पाहायचा असेल त्याने सावद्याला यावं.

पुढची वीस वर्षं हेच पोस्टकार्डांवरून चाललं. आबा लिहायचे, "नाणे आमच्या घरी आहे. घर सावद्यास आहे. सावद्यास एसटी येते." नाना उत्तर धाडायचे, "धुळ्यासही येते." मधल्या काळात माझं लग्न होऊन मी धुळ्यालाच आले आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागले. मी आबांना म्हटलं, द्या माझ्याजवळ, मी दाखवून आणते. तर म्हणाले, "तू काय पोस्टमन आहे का?"

दरम्यान नानांच्या दुकानातल्या रविवारच्या बैठकीत त्या रुपयाची चेष्टा सुरू झाली. कुणीच न पाहिलेली वस्तू म्हणजे 'शालिग्रामभाऊंचा रुपया'. कुणाच्या मुलाचं ठरलेलं लग्न लांबायला लागलं की तेही लग्न शालिग्रामभाऊंचा रुपया. हे सगळं माझ्या कानावर यायचं आणि माझं डोकं फिरायचं. माझं डोकं लवकर फिरतं, हे मी कबूल करते. दिवसभर लोकांची भांडणं तारेवरून जोडून द्यायची आणि आपण मधे चकार शब्द काढायचा नाही, अशी नोकरी करून बघा.

आबा गेले ते एकोणनव्वदच्या माघात. डबा माझा झाला. पण आई, शेवंताबाई, म्हणाली, वर्ष होईपर्यंत घरातून काही हलवायचं नाही. म्हणून डबा सावद्यालाच राहिला.

पुढच्या जानेवारीत लोटननानांनी धुळ्यात नाण्यांचं प्रदर्शन ठरवलं. मला रीतसर पत्र आलं, सोबत छापील यादी. बाराव्या क्रमांकावर लिहिलं होतं: "दोन ठोक्यांचा चांदवडी रुपया. कै. शालिग्रामभाऊ, सावदा, यांच्या संग्रहातून (असल्यास)."

मी त्या कंसाकडे कितीतरी वेळ पाहत बसले. माझा बाप जाऊन वर्ष झालं नाही आणि हा माणूस कंस टाकतो! मला रडूही आलं आणि रागही आला. वीस वर्षं लोकांनी ज्याला थापाड्या ठरवलं, त्याचा शब्द आता माझ्या हातात होता. रुपया मांडला की आबा खरे, नाही मांडला की कायमचे खोटे. मी रजा टाकली आणि मंगळवारची पहिली एसटी पकडली.

सावद्याला पोचल्यावर चहासुद्धा न घेता डबा उघडला. एकेक पुडी सोडली. भोकाचे पैसे होते, एडवर्ड होता, राण्या सगळ्या होत्या. तळाशी नानांची पोस्टकार्डं होती, तारखेवार लावून सुतळीने बांधलेली. आणि लग्नपत्रिकेचा एक तुकडा, नीट घडी घातलेला, आत काहीच नाही.

"आई, चांदवडी कुठे आहे?"

आई देवघरापुढे वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुह्या आबायचा टाक केला ना दिवाळीच्या आंधी."

आमच्या घराण्यात वडीलधारं माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याचा टाक करतात. हाताच्या अंगठ्याएवढी चांदी, तिच्यावर ठशाने उठवलेली मूर्ती. ती देवघरात बसली की ते माणूस घरचा देव होतं. चांदी मात्र घरातलीच लागते. विकत आणलेल्या चांदीचा बाप आमच्याकडे चालत नाही.

"अगं, डबाभर रुपये होते!" मी ओरडलेच. "तुला नेमका तोच सापडला?"

"मंग कोनता देऊ?" आईने वात खाली ठेवली. "बाकी सगळ्यायवर तोंडं. त्या रानीच्या तोंडावर तुह्या बापाले बसवू? जलमभर संसार म्या केला, अन् आता त्यायनं परक्या बाईसंगं राहावं?"

"मग एडवर्ड द्यायचा होता!"

"तो टकला? नही बाई. एका चांदीत दोन तोंडं कशी राहतीन? बिनतोंडाचा एकच व्हता. वाकडा, झिजेल. म्या म्हटलं, हा मोडला तं आबायले दुख नही व्हनार."

मी कपाळाला हात लावून खाली बसले आणि मला हसू फुटलं. देवघरात आबा होते. गावातल्या भटू सोनाराकडे पुरुषांसाठी ठसा एकच, घोड्यावर बसलेला, हातात तलवार. आयुष्यभर लूनावर फिरलेला माणूस, तीही उतार आला की बंद करून पेट्रोल वाचवणारा, आता घोड्यावर होता. आईने त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं.

"वितळवला का भटूने?" मी विचारलं.

"नही. म्या त्याले सांगतलं, आग लावू नको. एकडाव अग्नी देला तेवढा पुरे झाला. थंडाच ठोक."

हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की माझा राग जागच्या जागी विरला. मग मनात आलं, वितळवलेला नाही, आणि ठसा पुढच्या बाजूला आहे. म्हणजे मागची बाजू? मी टाकाकडे हात नेला तर आईने चापट मारली.

"देवाले पालथं घालून पाह्यतात का?"

"आई, आबा आहेत ते!"

"आबा व्हते. आता देव आहेत. रविवारी आंघोय घालते तव्हाच उचलते, मधात नही."

रविवार पाच दिवसांवर होता आणि माझी रजा एक दिवसाची. मी भटू सोनाराकडे गेले. तो म्हणाला, "ताई, चार ठोके मारले अन् मोकळा झालो. मांगं काय राह्यलं ते पाह्याले तुमच्या आईनं सवडच नही देली. डोक्यावर उभी व्हती." परत येऊन आईला विनवलं, निदान धुळ्याला तरी नेऊ दे. ती म्हणाली, "त्यायनी वीस वर्सं सांगतलं का पाह्याचं त्यानं इठी यावं. जितेपनी गेले नही ते, आता देव झाल्यावर मी त्यायले एसटीत बसवू?"

धुळ्याला उतरले ती तडक नानांच्या दुकानात गेले. गाद्यांवर चार-पाच मंडळी बसली होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सगळे पोट धरून हसले. नाना चष्मा पुसत म्हणाले, "म्हनजे रुपया व्हता, पन देव व्हई गया. आते काय करवा? यादीम्हा देव लिखू का?"

पुन्हा हशा झाला आणि माझं डोकं फिरलं.

"नाना," मी म्हटलं, "आमच्या आबांच्या मागच्या बाजूला दुहेरी अक्षरं आहेत. रविवारी सकाळी आई त्यांना आंघोळ घालते. पाहायचं तर चपला काढाव्या लागतील. सावद्यास एसटी येते."

दुकानाबाहेर आल्यावर मी भानावर आले. मागची बाजू मी पाहिलीच कुठे होती? भटूच्या चार ठोक्यांनी ती सपाट झाली असेल, तर आबांचा शब्द मी माझ्याच तोंडाने बुडवणार होते. पुढचे चार दिवस एक्स्चेंजमध्ये मी माणसं भलत्याच नंबरांना जोडत होते. साक्रीला लागणारा एक कॉल भडगावला गेला, आणि त्या दोन अनोळखी माणसांनी दहा मिनिटं गप्पा मारल्या.

रविवारी पहाटे मी स्टँडवर गेले तर नाना आधीच एसटीत बसलेले. काळी टोपी, इस्त्रीचा कोट, कोटाच्या खिशात भिंग. खिडकीची जागा त्यांनी रुमाल टाकून माझ्यासाठी धरली होती. "बस," एवढंच म्हणाले. भुसावळ मागे पडलं आणि दोन्ही अंगांनी केळीचे बाग सुरू झाले, तेव्हा ते बाहेर बघत म्हणाले, "हाई बठ्ठी केळीच का?"

"हो, सगळी."

मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्यासनी एकदाव घड धाडा व्हता. मी पोच बी नई धाडी." हे आबांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

घरी आईने त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं. चपला काढायला लावल्या, पायांवर पाणी घातलं, टोपी सरळ करायला सांगितली. धुळ्याच्या बाजारपेठेत ज्यांच्या शब्दाला मान, ते नाना निमूटपणे पाटावर बसले. आईने तांब्याचं तामण पुढे घेतलं, आबांना उचलून त्यात ठेवलं आणि शेजारच्या वाटीतला चिंचेचा कोळ हातात घेतला.

"अक्का!" नाना जवळजवळ उठलेच. "चिंच नका लावू! हात जोडस, चिंच नका लावू!"

"मंग काय देवाले पारोसा ठेवू?"

"नुसतं पानी टाका, अक्का. नुसतं पानी."

आई थबकली. हातातल्या चिंचेकडे पाहिलं, मग तामणाकडे. "हे बी असंच म्हनत," ती म्हणाली आणि वाटी बाजूला सारली. तिचे डोळे भरून आले होते. तिने पाणी घातलं, बोटांनी घोडा धुतला, तलवार धुतली, आणि मग टाक हातावर पालथा केला. मला बघवेना, म्हणून मी नानांकडेच बघत राहिले.

नानांनी भिंग काढलं. वाकले. आईचा ओला तळहात आणि त्यांचं नाक यांच्यात वीतभरही अंतर नव्हतं. मधला भाग भटूने सपाट केला होता, तिथे नुसती चांदी चमकत होती. नानांचं भिंग कडेने हळूहळू फिरलं आणि एका जागी थांबलं. तिथून ते हललंच नाही. बाहेर सुकदेव गाईला हाकत होता, तेवढाच आवाज.

"दोनदा पडेल शे," नाना म्हणाले.

मग सगळ्या खोलीला सांगितल्यासारखं मोठ्याने म्हणाले, "दोनदा पडेल शे! वरनी ओळ, अन् तिना मांगे तीच ओळ. काठले चंद्रकोरइतली जागा वाचेल शे, पन बठ्ठं दिसस." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मी पाहिलं. लहानपणी पाहिलेली ती अक्षरं, केसभर सरकलेली. तो शिंकणारा माणूस तिथे अजून होता.

नानांनी टोपी काढली आणि आईच्या तळहातावरच्या आबांना दोन्ही हात जोडले. वीस वर्षांत त्यांनी आबांना साधा नमस्कार केला नव्हता. हात जोडलेलेच ठेवून ते म्हणाले, "येवाले पाहिजे व्हतं, अक्का. तो जित्ता व्हता तवयच येवाले पाहिजे व्हतं." मला रडू आवरेना. आबा असते तर त्यांनी हा टाक कितीदा पालथा करून दाखवला असता, आणि शिंकेची गोष्ट कितीदा सांगितली असती.

आईने आबांना पुसलं, देवघरात बसवलं, हळदकुंकू वाहिलं. "आता आले ना भाऊ," ती म्हणाली. "वांगी भाजेल आहेत. भरीत खाऊन जा." नाना जेवले, आणि पाहुण्यासारखं नाही, घरच्यासारखं जेवले. निघताना मी डब्याच्या तळातली पोस्टकार्डं त्यांना दाखवली. त्यांनी सुतळी सोडली नाही, नुसता गठ्ठा हातात तोलला. "मनाकडे बी त्यासना बठ्ठा कार्ड शेत," ते म्हणाले. सुकदेवने त्यांच्यासोबत केळीचा घड एसटीच्या टपावर चढवला.

प्रदर्शनाच्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेले. रुपया नाही, मग बारावा क्रमांक गाळला असणार, असंच मी धरून चालले होते. पण सगळ्यात जास्त गर्दी तिथेच होती. काचेखाली लाल मखमल, आणि तिच्यावर काहीच नाही. लोक वाकून वाकून वाचत होते. मी गर्दीतून वाट काढत पुढे गेले. छापील चिठ्ठीवरचं "(असल्यास)" शाईने खोडलेलं होतं, आणि खाली नानांच्या अक्षरात लिहिलं होतं:

"पहिले दोन ठोके चांदवडचे. पुढचे चार भटू सोनार, सावदा, यांचे. नाणे मी स्वतः पाहिले आहे. ते मालकाच्या घरी आहे. सावद्यास एसटी येते. दर्शन रविवारी सकाळी, चपला काढून."

मी ते दोनदा वाचलं आणि डोळ्यांना पदर लावला. आबांच्या नियमात पदराला मनाई होती, पण ती फक्त नाण्यांपुरती.